सासूबाईंच्या लाळेची तपासणी

आमच्या सासूबाईंच्या राज्यात उष्ट्याचे नियम फार कडक. फुलपात्र ओठांना लागता कामा नये, चव बघितलेला चमचा परत भांड्यात जाता कामा नये. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे आम्ही सांगलीहून जयपूरला आलो, तिथल्या सोडाला भागात घर घेतलं, भाजीवाल्याला भैया म्हणायला शिकलो. पण हे नियम सामानाच्या ट्रकमधून जसेच्या तसे उतरले. मी सुरुवातीला कुरकुरले, मग माझे हात आपोआप तसेच चालायला लागले.

अशा घरातली माझी लेक दातांची डॉक्टर झाली आणि पुढच्या शिक्षणाला तिने विषय घेतला हिरड्यांचा. त्यातही अभ्यास लाळेचा! हिरडी आतून झिजायला लागली की लाळेत एक द्रव्य वाढतं, आणि दात हलायच्या कितीतरी आधी त्यावरून सुगावा लागू शकतो. छोट्या बाटलीत लाळ घ्यायची, पट्टीवर सोडायची, दुसरी रेघ उमटली की समजायचं, काहीतरी बिनसलंय. गरोदरपणाच्या पट्टीसारखंच.

पाडव्याच्या आदल्या दिवशी कॉलेजचा फ्रिज बंद पडला, म्हणून तिने मैत्रिणींच्या लाळेच्या चार बाटल्या घरी आणल्या. मी आपली कसलीतरी औषधं समजून त्या नैवेद्याच्या चक्क्याशेजारी ओळीने लावून दिल्या. सासूबाईंनी चौकशी केली, लेकीने प्रामाणिकपणे खरं सांगितलं, आणि संध्याकाळी अख्खा फ्रिज रिकामा करून तीनदा धुतला गेला. देवाला त्या वर्षी श्रीखंडाऐवजी शिरा मिळाला. चक्का मी आणि नवऱ्याने मुकाट्याने पोळीशी संपवला.

हसू येत होतं, पण त्या दिवसांत एक गोष्ट मला आतून खात होती. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. दोन दाढा सोडल्या तर सगळे दात शाबूत, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! तीच बाई महिनाभर भाकरी दुधात कुस्करून खात होती. सकाळी बेसिनचा नळ सोडून बराच वेळ उभी राहत होती. एकदा सगळं वाहून जायच्या आत मला गुलाबी थेंब दिसला. विचारलं तर म्हणाल्या, "काल बीट खाल्लं ना." आमच्याकडे पंधरा दिवसांत बीट आलंच नव्हतं.

डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं की एकच उत्तर, "ते आधी टोचतात आणि मग उपटतात." त्यांच्या आईचे दात एका बैठकीत उपटलेले त्यांनी लहानपणी पाहिले होते. मला त्यांची भीती कळत होती आणि हट्टाचा रागही येत होता. असंच लपवत राहिल्या तर खरंच उपटायची वेळ येणार होती.

शेवटी लेक म्हणाली, "आजी, टोचणार नाही. मतलब, फक्त थोडी लाळ दे."

"माझं उष्टं नातीच्या हातात देऊ? मला नाही करायचं ते पाप."

"मी ग्लव्हज घालते ना."

"नको म्हटलं ना एकदा."

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात लेकच तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "मी छोटी होते, तेव्हा माझी लाळ तू पदराने पुसायची ना? तेव्हा ते उष्टं नव्हतं?"

सासूबाईंनी स्वतःच्या पदराकडे बघितलं. मग म्हणाल्या, "लाळेरं बांधलं की ओढून फेकायचीस तू. माझे सगळे पदर खराब केलेस." आणि हात पुढे केला. "दे ती बाटली. दोघी तिकडे तोंड करा."

पट्टीवर दुसरी रेघ चांगली ठळक उमटली. पट्टी नुसती सूचना देते, नक्की काय ते तपासूनच कळेल, असं लेक समजावत होती. सासूबाई त्या रेघेकडे बघत हळूच म्हणाल्या, "दोन महिने रक्त येतंय गं." मला रडूच आलं. एवढे दिवस ही बाई एकटीच घाबरत होती.

सोमवारी आम्ही कॉलेजात गेलो. लेकीच्या सरांनी तपासलं. दुखणं होतं, पण वेळेत आल्यामुळे एकही दात काढावा लागणार नव्हता. हिरड्यांच्या खालून सफाई करायची होती. सर स्वतः अवजार घेऊन पुढे आले आणि सासूबाईंनी तोंड गच्च मिटलं.

"माताजी, मुँह खोलिए."

सासूबाईंनी ते फक्त बोलण्यापुरतं उघडलं. "आप उधर खड़े रहिए जी. मेरी पोती करेगी."

सर हसले आणि बाजूला झाले. लेक खुर्चीजवळ आली. तिने अवजार उचललं, परत ठेवलं, पुन्हा उचललं. "आजी, दुखलं तर हात वर कर हं."

"माझं राहू दे. तू आधी एक मोठा श्वास घे," सासूबाई म्हणाल्या, तिने तो घेईपर्यंत थांबल्या, आणि मग डोळे मिटून भला मोठा आ केला.