माझ्या चुकीनं मरू दे

आक्का एका बैठकीत चाळीस-चाळीस वेळा मरायच्या. कधी दरीत पडून, कधी भाला लागून, कधी पाण्यात बुडून. मेल्या की कंट्रोलर मांडीवर ठेवायच्या, हेडफोन एका कानावरून मागं सरकवायच्या आणि निवाडा द्यायच्या. "ही माझी चूक." नाहीतर, "ही तुझी चूक." दुसरा निवाडा आला की मी वहीत लिहून घ्यायचो. संध्याकाळपर्यंत माझ्या चुकांनी दोन पानं भरलेली असायची.

हे सगळं मरण व्हिडिओ गेममधलं. बेळगावात, अनगोळमध्ये, एका पिठाच्या गिरणीच्या वर आमची सात जणांची छोटी कंपनी होती. तारा नावाची मुलगी पडक्या किल्ल्यातून उड्या मारत, लढत, वाट काढत आपल्या हरवलेल्या भावाला शोधते, असा खेळ आम्ही बनवत होतो. मी त्यातला प्रोग्रामर. आणि आक्का जन्मापासून आंधळ्या. "दृष्टिहीन" म्हटलेलं त्यांना चालत नसे. पहिल्याच भेटीत मी तो शब्द वापरला, तेव्हा म्हणाल्या, "आंधळी म्हण की. न्हाय दिसत ते मला. लाज तुला कशाला वाटती?"

त्या आमच्याकडं आल्या त्या एका फोनमुळं. खेळाचा पहिला भाग आम्ही लोकांना बघायला म्हणून इंटरनेटवर ठेवला होता. त्यात अंधांसाठी म्हणून एक सोय होती. ती मीच दोन दिवसांत उरकली होती. सुरुवातीच्या पर्यायांची यादी वाचून दाखवणारा आवाज, बस. एका सकाळी ऑफिसचा फोन वाजला. पलीकडून बाईमाणसाचा खणखणीत आवाज.

"तुमच्या खेळात पहिलं दार कुठं हाय? तीन दिस झालं, मी त्या खोलीतच हाय."

"उजव्या भिंतीला बघा. लाल रंगाचं आहे."

पलीकडून, "बरं. लाल म्हंजे त्याचा आवाज कसा येतो रं?"

त्या निपाणीच्या एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होत्या. राहायला बोरगावला, आई आणि भावाजवळ. पुढच्या रविवारी सकाळची बस धरून, पत्ता विचारत विचारत त्या एकट्या अनगोळला आल्या. जिना चढून दारात उभ्या राहिल्या, काठीची घडी घातली आणि म्हणाल्या, "त्या खोलीतनं मला भाईर काढा." त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष त्या दर रविवारी येत राहिल्या. आमच्याकडं रविवारची सुट्टी नावापुरतीच होती, आक्कांनी तीही ठेवली नाही.

सुरुवातीला मी उत्साहानं प्रत्येक वस्तूला आवाज दिला. दाराला बारीक घंटा, खड्ड्याला वारा, भिंतीला घुमणारी पावलं, शत्रूला गुरगुर, चावीला किणकिण, आणि या सगळ्यावर आमच्या सरांचं, म्हणजे कंपनीच्या मालकांचं, आवडतं ढोलाचं संगीत. आक्कांनी ते पाचेक मिनिटं ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला. "ह्यो बाजार भरवलाईस व्हय? सगळीच एकदम बोलाय लागली तर मी ऐकायचं कुणाचं?" मग त्यांनी नियम घालून दिला. जो आवाज आत्ता जीव घेणार आहे तो सगळ्यांत वर, बाकीच्यांनी मान खाली घालायची. शत्रू वार करण्याआधी एक श्वास घेईल, आणि तो श्वास ऐकू येणार नसेल तर त्याला वार करायचा हक्क नाही. खड्ड्याचा वारा खड्ड्याच्या काठापासून सुरू होईल, आत पडल्यावर नव्हे. मी शिकलेला माणूस, पण त्या दीड वर्षात मला आवाज लावायला शिकवलं ते त्यांनी.

खालच्या गिरणीची घरघर मात्र त्यांना आडवी येई. जमीन थरथरायची आणि धोका सांगणारी कंट्रोलरची थरथर हाताला कळायची नाही. एका रविवारी त्या तडक उठल्या, कठडा धरून खाली गेल्या आणि गिरणीवाल्या काकांना अर्ध्या कानडीत म्हणाल्या, "मामा, गिरणी निल्लसरी. वर एक पोरगी मरायला लागलीय." काकांनी घाईघाईनं मशीन बंद केली, पिठानं पांढरे झालेले तसेच धावत वर आले. तारा त्या वेळी तुटक्या पुलाच्या दोरीला लोंबकळत होती. काकांना हसावं की रागवावं कळेना. आक्का म्हणाल्या, "खोटं बोलले व्हय मी? बघा की, मेलीच आता." पुढं काकाच दर रविवारी दुपारी दोन तास गिरणी बंद ठेवू लागले आणि दारात स्टूल टाकून बसू लागले. पोरगी जगली की त्यांच्याकडून सगळ्यांना चहा.

आमचे सर वाईट नव्हते. आक्कांसाठी खुर्ची, जेवण, बसपर्यंत सोबत, सगळं ते बघायचे. पण खेळ विकणारी बंगळुरूची कंपनी तारीख मागू लागली आणि सरांची झोप उडाली. एका रविवारी त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं, "लढाया आणि उड्या आवाजावर आणणं हे लांबलचक काम आहे. त्यापेक्षा अंध खेळाडूंसाठी एक बटण देऊ. अवघड जागा आली की ते दाबायचं. तारा आपोआप पार होईल आणि गोष्ट पुढं जाईल. त्यांनाही त्रास नाही."

आक्का शांतपणे म्हणाल्या, "सर, मग मला गोष्टच सांगा की. ह्याला खेळ कशाला म्हणताय?"

"आक्का, तुमच्या सोयीसाठीच..."

"माझी सोय मी बघते. जल्मभर लोकांनी मला हाताला धरून रस्ता पार करून दिलाय. मला पार जायचं का न्हाय ते बी इचारलं न्हाय कुणी. आता खेळात बी तेच? मला मरू द्या. पण माझ्या चुकीनं मरू द्या."

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

"व्हय. तुमी तारखेच्या भरात बोलताय."

त्यांनी काठी उघडली. मी बसपर्यंत सोडायला उठलो, तर हातानंच थांबवलं. मी खिडकीतून बघत राहिलो. गल्लीच्या तोंडाशी एका माणसानं मदतीला म्हणून त्यांचं मनगट धरलं. त्यांनी ते सोडवून घेतलं, त्याला काहीतरी बोलल्या आणि सरळ निघून गेल्या.

पुढचे तीन रविवार त्या आल्या नाहीत. फोन उचलत होत्या, "बरं हाय" म्हणत होत्या आणि ठेवत होत्या. बटणाचं काम सरांनी माझ्याकडं दिलं होतं. मी ते अर्ध्यावर सोडलं आणि मोटारसायकल काढून बोरगाव गाठलं.

आक्का सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. आईनं पाणी दिलं. त्यांचा भाऊ नुकताच शेतातून आला होता. तो मला म्हणाला, "तुमीच सांगा हिला. येवढा हट्ट कशापायी? शेवटी खेळच हाय न्हवं त्यो."

आक्का शेंगा फोडायचं न थांबवता म्हणाल्या, "आणि तुजी क्रिकेटची मॅच असती तवा? घरात आईला खोकायची सोय न्हाय. त्यो खेळ न्हवं व्हय? का तू खेळलास की खेळ, आणि मी खेळले की हट्ट?"

भाऊ हसत आत निघून गेला. मी त्यांना परत यायची गळ घातली. सरांशी बोलीन म्हणालो.

"तू काय बोलणार? तुला तरी ठावं हाय व्हय काय मागायचं ते? डोळं उघडं ठेवून आवाज लावतोस. आधी पडदा बंद कर आणि खेळ. त्यो तुटका पूल वलांड, आणि मग मला फोन कर. तवर येऊ नगंस."

मी स्क्रीनवर काळं कापड टाकलं. पहिल्या दिवशी मी पुलापर्यंतसुद्धा पोचलो नाही. भिंतीला नाक लावून तासभर गोल फिरलो, आणि ती भिंत मीच बांधलेली होती. दुसऱ्या दिवशी कळलं की पुलाच्या कुजक्या फळीचा आणि धड फळीचा आवाज मी एकच ठेवलाय; पडद्यावर कुजकी फळी काळी दिसायची, म्हणून मला कधी जाणवलंच नव्हतं. ते सुधारलं. मग दोरीचा ताण ऐकू येईना, तो सुधारला. कापड काढून एकदा बघावं असा मोह दर पाच मिनिटांनी व्हायचा. आक्कांना कापड काढायची सोय नाही, हे आठवून हात मागं घ्यायचो. चौथ्या दिवशी दुपारी पायाखाली दगड वाजला. मी पलीकडं पोचलो होतो. मी खुर्चीवरून उठून ओरडलो, आणि ऑफिसातले सगळे माझ्याकडं बघत राहिले.

फोन लावला.

"किती येळा मेलास?"

"दीडशेच्या पुढं."

"त्यात तुझ्या चुका किती?"

"खेळणारा म्हणून निम्म्या. बाकीच्या प्रोग्रामर म्हणून."

"म्हंजे सगळ्या तुझ्याच की रं!" त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की बँकेतल्या कुणीतरी "काय झालं आक्का?" असं विचारलेलं मला ऐकू आलं. रविवारी त्या आल्या.

त्याच आठवड्यात बंगळुरूच्या कंपनीतून एक बाई आणि एक पुरुष खेळ बघायला येणार होते. सरांच्या मनात अजून बटणच होतं. आक्कांनी बँकेतून एक दिवसाची रजा काढली आणि न बोलावता येऊन बसल्या. पाहुण्यांसमोर सरांना नाही म्हणता येईना. काकांनी खाली गिरणी बंद केली. मी स्क्रीन पूर्ण काळी केली आणि आवाज स्पीकरवर टाकला.

खेळाच्या शेवटी एक लोखंडी राक्षस होता, हातात गदा असलेला. आक्का त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि पहिल्याच वारात मेल्या. दुसऱ्यांदा मेल्या. तिसऱ्यांदा मेल्यावर सर पुढं झाले, "आज त्या जरा घाबरल्यात, आपण दुसरं काही..."

"सर, बसा खाली," आक्का म्हणाल्या. "तुमी कधी मेला न्हाय व्हय खेळात? मी मेले की तुमाला दया येती, आणि ह्यो पोरगा मेला की तुमी हसताय. माझ्यावर बी हसा की."

चौथ्या वेळी त्यांनी गदेचा वार चुकवला. पाचव्या वेळी चुकवून उलटा घाव घातला. सहाव्या, सातव्या, आठव्या वेळी त्या थोड्या थोड्या जास्त टिकल्या, आणि नवव्यांदाही मेल्याच. राक्षस काही त्या दिवशी मेला नाही. पण खोलीतून कुणी उठत नव्हतं. गदा उचलण्याआधीचा तो लोखंडी श्वास आता सगळ्यांनाच ऐकू यायला लागला होता. तो आला की बंगळुरूची बाई स्वतःच खुर्चीत एका बाजूला झुकत होती.

तिनं हिंदीत विचारलं, "इतकं मरून कंटाळा नाही येत? सोपं बटण दिलं तर?"

आक्का हिंदीतच म्हणाल्या, "नऊही वेळा मी माझ्या चुकीनं मेले. मला कळलं काय चुकलं ते. एकदा जरी यांच्या चुकीनं मेले असते तर यांची धडगत नव्हती."

त्या बाईनं कंट्रोलर मागितला. काळ्या पडद्यासमोर बसली आणि चौथ्या पावलाला खड्ड्यात पडली. पुन्हा खेळली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा काठावर थांबली. "वारा," ती म्हणाली. तारीख सहा आठवडे पुढं गेली. बटणाचा विषय सरांनी पुन्हा काढला नाही. पाहुणे गेल्यावर ते आक्कांजवळ जाऊन नुसते उभे राहिले. आक्का म्हणाल्या, "श्वासावरनं कळलं सर. बोला." सर म्हणाले, "चुकलं माझं." आक्का म्हणाल्या, "लिही रं वहीत."

खेळ बाहेर पडायच्या आधी नावांची यादी झाली. आक्कांचं नाव "विशेष आभार" खाली होतं. मी वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "आभार कशाचं? मी वर्गणी दिली व्हय? काम केलंय." मग त्यांचं नाव ध्वनिरचनेत, माझ्या नावाच्या वर गेलं. आणि ती सगळी यादी मोठ्यानं वाचली जाईल अशी सोय त्यांनी करायला लावली, "न्हायतर माझं नाव मलाच कसं कळायचं?"

खेळ आला. महिन्याभरात अंध खेळणाऱ्यांचे आवाजी निरोप येऊ लागले. त्यातल्याच परभणीकडच्या एका शिक्षिकेनं आक्कांचा नंबर मागितला, त्यांना विचारून मी तो दिला. आणि त्याच सुमारास बँकेनं आक्कांची बदली बळ्ळारीला केली.

मी बेळगाव स्टेशनवर सोडायला गेलो होतो. दुपारची गाडी होती, हुबळीला बदलायची. आक्का बाकावर बॅग मांडीवर घेऊन बसल्या होत्या, नेहमीपेक्षा गप्प. मला वाटलं, गाव सोडायचं दुःख असेल. मी काहीतरी बोलायला लागलो, तर म्हणाल्या, "त्या परभणीच्या बाईचा काल फोन आलता. तिनं राक्षस नवव्या खेपंला मारला. मला एकतीस लागलत्या."

"पण आक्का, तुम्ही खेळलात तेव्हा खेळ अर्धवट होता, तुम्हाला..."

"गप. समजूत काढू नगंस." त्यांनी मांडीवरची बॅग सारखी केली. "लहानपणी लपाछपीत माझ्यावर राज्य आलं की सगळी पोरं म्होरं येऊन खोकायची. मुद्दाम सापडायची. शाळेत गाण्याचा पयला नंबर मलाच. बेसूर गायले तरी मलाच. चाळीस वर्षांत मला कुणी हरवलंच न्हाय रं. काल त्या बाईनं हरवलं. चांगलं धरून हरवलं, आणि वर हसली."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? शिवी घातली."

गाडी आली. हमालानं त्यांचा दंड धरायला हात पुढं केला, त्यांनी बॅग त्याच्या हातात दिली आणि स्वतः दांडी चाचपून वर चढल्या. खिडकीशी बसल्या, लॅपटॉप उघडला, हेडफोन गळ्यात अडकवला. मी खिडकीच्या गजाला धरून उभा होतो. त्यांचा चेहरा इतका खुशीत मी कधीच पाहिला नव्हता.

"पोचल्यावर फोन करा, आक्का."

"हुबळीपत्तूर तीन तास हाईत," त्या म्हणाल्या, आणि हेडफोन कानावर चढवला. "आठ खेपांत मारते त्याला. त्या बाईला सांग."