पोलादपूरच्या पुढे खानावळ नाही

पोलादपूर सोडून महाबळेश्वरच्या घाटाला लागलं की डाव्या हाताला माझी खानावळ. महाडच्या एमआयडीसीत पाळ्या करून जमवलेल्या पैशांतून उभी केली, कुणाचा हात लागला नाही. पर्यटकांच्या बसगाड्या मात्र समोरून सरळ निघून जायच्या. रस्त्यावरची रीत अशी, की गाडी थांबवणाऱ्या ड्रायव्हरला जेवण फुकट. मी ते कधी दिलं नाही. मला कोंबडी कोण फुकट देतो?

पुण्यात कॉम्प्युटर शिकणारी माझी भाची दिवाळीला आली ती लॅपटॉप घेऊनच. इंटरनेटवरची पानं कॉम्प्युटरने स्वतः वाचायची आणि कुठे काय आहे, कुठे काय मिळतं, ते त्यातून शिकायचं, अशी तिची खटपट चालली होती. मला नवल वाटलं. म्हटलं, "आपल्या भागाचं काय शिकलाय ते दाखव."

महाडजवळच्या सव गावात गरम पाण्याची कुंडं, हे बरोबर होतं. उमरठ गावही बरोबर पोलादपूर तालुक्यातच बसवलं होतं. त्याखाली ओळ होती : पोलादपूरच्या पुढे, घाट चढेपर्यंत, खानावळ नाही. खात्री पक्की.

"मग तू आता कुठे बसून जेवत्येस गो?" मी ओरडलो.

"मामा, आवाज कमी. बऱ्याच प्रवाशांनी तसं लिहिलंय. एकमेकांचं उतरवलेलंही नाही, प्रत्येकाचे शब्द वेगळे आहेत."

मी तिच्याकडून एकेक पान वाचून घेतलं. एकाने लिहिलं होतं, ड्रायव्हर म्हणाला, महाडलाच जेवून घ्या, पुढे काही नाही. दुसऱ्यालाही गाडीवाल्यानेच सांगितलेलं. बाकीच्यांनी कोण म्हणालं ते लिहिलंच नव्हतं, पण मला कळायचं ते कळलं.

"ह्याला ते ड्रायव्हर दिसत नायत?"

"पानावर नसतील तर कसे दिसणार? हेच तर आमचं दुखणं आहे, मामा."

"मग खोड ती ओळ. आठवडाभर कोंबडी खाऊ घालतो."

"मी हाताने खोडली तर तो काय शिकला?"

"दोन आठवडे."

ती हसली, पण खोडली नाही. मी चिडलो, तरी डोक्यातून जाईना. जे कधी पाहिलं नाही, त्याबद्दल एवढं पक्कं कसं बोलता येतं? ती परत जाईपर्यंत मी तिला हेच विचारत होतो.

उन्हाळ्यात तिचा फोन आला. माझ्या दारात पंक्चर झालेल्या बसमधल्या एका बाईंनी लिहिलं होतं : पोलादपूरनंतर एक खानावळ आहे, भाकरी गरम, मालक तापट. कॉम्प्युटरने ते वाचलं होतं. खानावळ आहे, खात्री कमी.

"कमी का?"

"साक्ष एकच आहे ना."

"अजून किती लागतील?"

"ते त्याचं त्यालाच ठरवता यावं, यासाठी तर सगळं चाललंय."

तेव्हापासून हात धुऊन निघालेल्या गिऱ्हाइकाला मी गल्ल्यावरूनच सांगू लागलो, "इंटरनेटवर लिहिता का? मग लिहा. मला शिव्या घाला हवं तर, पण इथे खानावळ हाय, एवढं सोडू नका."