बाथरूममधला हापूस

परवा अंधेरीला स्टुडिओच्या लिफ्टमध्ये शिरलो आणि हापूसचा वास आला. भर डिसेंबरात. आता तुम्ही सरसावून बसला असाल, की हा आपल्याला आमराईत नेणार, पेंढ्यात पिकत घातलेली अढी दाखवणार, आजोळची सुट्टी आठवून डोळे ओले करणार. नाही नेत. माझं गाव गडहिंग्लज, आमच्या घरामागे आंबा नव्हता, पाण्याची सिंटेक्सची टाकी होती. आणि लिफ्टमधला वास झाडाचा नव्हताच. कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका पोराच्या खिशातून तो येत होता. विकायला बंदी असलेली, तरी ज्याला हवी त्याला मिळणारी ती धुराची नळी, म्हणजे व्हेप, त्याच्या खिशात पाझरत होती. खिशावर चिकट डाग पडला होता. मी मनात म्हटलं, बाबा रे, नळीची रसाची टाकी आडवी ठेवलीस, आणि रबराची रिंगही ढिली झालीय तुझी. मग दार बंद झालं, लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये नेहमीसारखी अडखळली, आणि त्या गोड, गुदमरवणाऱ्या वासात मी दोन वर्षं मागे, बोरीवलीला आत्याच्या बाथरूममध्ये जाऊन पोहोचलो.

आवाज काढणं हा माझा धंदा. शाळेत हेडमास्तरांचा काढायचो आणि मार खायचो, इथे कार्टूनमधल्या खारीचा काढतो आणि पोट भरतो. मुंबईत आलो तेव्हा आत्याने मला हॉलमधला दिवाण दिला आणि एकच अट घातली. घरात धूर नाही. ज्या दिवशी वास येईल त्या दिवशी गडहिंग्लजच्या गाडीत बसवीन, मग बापाच्या दुकानात झेरॉक्स काढत बस. अट उगाच नव्हती. काका, म्हणजे आत्याचे यजमान, मालवणकडचे. एकेकाळी डबलबारीचे बुवा. दोन बुवा समोरासमोर बसतात, एकाने भजनातून टोला हाणायचा, दुसऱ्याने तो परतवायचा, अशी ती भजनाची झुंज. परळच्या हॉलमध्ये काकांनी आवाज लावला की म्हणे बाहेरच्या पानवाल्याचा हात थांबायचा. मग विडीने तो आवाज खाल्ला. मी पाहिले ते काका म्हणजे एक खरखरीत कुजबुज आणि दर दोन वाक्यांमागे एक खोकला. बिल्डिंगच्या भजनात ते आता फक्त झांज वाजवायचे, तीही मान खाली घालून.

आणि माझा सगळ्यात झकास आवाज कुणाचा होता? काकांचाच. बिल्डिंगमधली पोरं फर्माईश करायची. काका स्वतः ऐकून हसायचे, हसता हसता खोकायचे, आणि मी तो खोकलाही लगेच परत करून दाखवायचो.

तर माझी ती टाकी. मुंबईत आलो त्याच आठवड्यात एका डबिंगवाल्या मित्राने दिली आणि वर म्हणाला, "यार, हा धूर नाहीच, वाफ आहे." हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते स्वतःला रोज ऐकवायचो. आत्याची अट धुराची, ही तर वाफ. शिवाय त्या वस्तूचा सांभाळ करण्यात मी असा काही रमलो, की लोक देव्हाऱ्यातली भांडीसुद्धा इतक्या निगुतीने घासत नसतील. हापूसच्या वासाच्या रसाने टाकी भरायची ती कडेकडेने, मधल्या भोकात थेंब गेला तर तोंडात कडू गुळणी येते. वर बोटभर नाही तरी नखभर जागा हवेला सोडायची. आठवड्यातून एकदा सगळे भाग सुटे करायचे, कोमट पाण्यात खळखळवायचे, स्वच्छ रुमालावर उपडे घालायचे आणि पूर्ण सुकेपर्यंत हात लावायचा नाही. रबराच्या रिंगा बोटाने चाचपून बघायच्या, चिरली की बदलायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रस तापवणारी तार, म्हणजे नवी कॉइल, बसवली की तिच्यातल्या कापसावर आधी दोन थेंब सोडायचे, मग टाकी भरून दहा मिनिटं नुसतं बसायचं. कापूस भिजू द्यायचा. कोरडा कापूस पेटला तर घसा करपतो. हे सगळं मला पाठ होतं. घशाच्या धंद्यातला माणूस मी, पण काळजी घेत होतो ती काचेच्या नळीची. हे तेव्हा मला एकदाही विचित्र वाटलं नाही.

मला मुंबईत येऊन दोन वर्षं झाली होती. तो संक्रांतीनंतरचा शनिवार. आत्याला "रेकॉर्डिंगला जातो" म्हणून सांगितलं होतं, पण जायला वेळ होता. आत्या खाली फुलं आणायला गेली, काका बागेत फेरी मारायला. घर रिकामं. मी बाथरूममध्ये शिरलो, कडी लावली, गीझरचं पाणी मगात घेतलं आणि स्टुलावर टाकीचे पाच भाग मांडले. दहा मिनिटांचं काम होतं. पाचव्या मिनिटाला बाहेरचं दार वाजलं, आत्याचा आवाज आला, आणि तिच्या मागोमाग अजून दहा-बारा जणींचे आवाज आणि बांगड्या. हळदीकुंकू! सकाळी ती बोलली होती, माझंच लक्ष नव्हतं.

आत्याच्या घराची रचना अशी, की बाथरूमचं दार उघडलं की माणूस थेट हॉलमध्ये प्रकट होतो. म्हणजे मी बाहेर आलो तर बायकांच्या मधोमध, हातात पाच भाग घेऊन. खिडकीला ग्रिल, मजला सहावा. तुम्ही कधी चार बाय पाचच्या जागेत श्वास दाबून तास काढलाय? टाइल्स मोजल्या, एकोणसाठ निघाल्या. साबणाच्या वेष्टनावरची बारीक अक्षरं तिन्ही भाषांत वाचली. बाहेर उखाणे चालले होते, हशा उसळत होता, आणि आत नळाचा एकेक थेंब बादलीत पडत होता. आजवर मी कुठेही अडकलो की दुसऱ्याचा आवाज काढून सुटलो होतो. तिथे आवाज काढायचीच चोरी होती. खरं सांगतो, त्या तासात पहिल्यांदा वाटून गेलं, की दार काही आज बंद झालेलं नाही. रोज सकाळी उठल्या उठल्या हात उशीखाली जातो, चपलेआधी ती नळी सापडावी लागते, सिनेमाच्या मध्यंतराची वाट आपण कशासाठी बघतो, ते आठवलं. कडी मीच लावलेली, आणि काढता मलाच येत नव्हती.

पण हा थोर विचार टिकला किती? दोन मिनिटं. हात चाळवले. भाग पुसले, जोडले, नवी कॉइल बसवली, टाकी भरली. दहा मिनिटं थांबायचं, हे जगाला शिकवणारा मी, दोन मिनिटंही थांबलो नाही. एक्झॉस्ट फॅन लावला आणि ओढली.

कोरडा कापूस पेटला. घशात कुणी तापलेली सळई घातल्यासारखं झालं. तोंड दाबलं, पण आवाज फुटलाच.

बाहेरचा उखाणा अर्ध्यात तुटला. दारावर टकटक. "कोण आहे गं आत?" आत्याने विचारलं.

आत्याच्या हिशेबाने मी तर अंधेरीला रेकॉर्डिंगला होतो. मग उरलं कोण? मी काकांचा आवाज लावला. "मीच आसंय. पोट बिघडलाहा."

"अहो, तुम्ही कधी आलात?"

उत्तर द्यायला गेलो आणि खोकल्याची उबळ आली. लांबलचक, खरखरीत, शेवटी शिट्टी वाजणारी. अगदी काका. मला स्वतःलाच वाटलं, वा, काय जमलाय आज!

आणि दाराच्या पलीकडून तोच आवाज आला. "मी तर आत्ता इलंय. मगे आत कोण आसा?"

दार उघडावंच लागलं. माझ्या आधी वास बाहेर गेला. समोरच्या ब्लॉकमधल्या काकू कौतुकाने म्हणाल्या, "अय्या, आंबे आले पण?" एकजण हसली, मग सगळ्याच. आत्या हसली नाही. तिने परातीतला तिळगूळ उचलून माझ्या हातावर ठेवला, आणि त्याच्याबरोबर म्हणायचं असतं ते गोड बोलायचं वाक्य म्हटलंच नाही.

ती टाकी आता देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरात कुठेतरी असेल, रिंग शाबूत, काच स्वच्छ. मी तिला ठेवलंच होतं तसं. मी अजून बोरीवलीतच आहे, त्याच दिवाणावर. लिफ्टमध्ये तो वास आला की मात्र पाचवा मजला येईपर्यंत श्वास धरून ठेवतो, आणि आत काहीतरी अजून त्या वासाकडे वळून बघतं, हेही लपवत नाही. काळ सगळं धुऊन टाकतो म्हणतात, पण सगळे भाग सुटे करून धुतले तरी एखाद्या रिंगेत वास राहतोच.

आता ओरडा कसा पडला तेवढं सांगतो. बायका गेल्यावर आत्याने सुरुवात केली. "लाज नाही वाटत? माझ्या घरात, या माणसाचा घसा डोळ्यांसमोर असताना? वाफ म्हणे वाफ! भर बॅग. उद्याची गाडी. दादाला मी फोन करते." मी सवयीने काकांसारखा चेहरा करून तिला हसवायला गेलो, तर तिने उलथनंच उचललं. "पुरे तुझी माकडचेष्टा!"

काका खुर्चीत बसून होते. त्यांनी हाताने आत्याला थांबवलं. मला वाटलं सुटलो. त्यांनी मला जवळ बोलावलं, कान धरला नाही, काही नाही. आपल्या त्या उरल्यासुरल्या आवाजात, शब्द शब्द तोलून म्हणाले, "माजो आवाज काढलंस, ता ठीक हा. खोकलोपण काढतंस, म्हायत हा माका. पण मेल्या, आजचो खोकलो काढललो नव्हतो. तो तुजो होतो. माका ह्यो खोकलो येवक तीस वर्सां लागली. तुका दोन?"