वाळवीची अथॉरिटी

मिश्राजींनी फाइल माझ्या टेबलावर ठेवली आणि अदबीने म्हणाले, "मॅडम, दीमक मारने की परमिशन चाहिए."

दीमक म्हणजे वाळवी. मी लखनौच्या एका संशोधन संस्थेत तेवीस वर्षं वाळवीवर काम केलं. परवानगी मात्र तोपर्यंत कुणी मागितली नव्हती. मिश्राजी बख्शी का तालाबजवळच्या मुलींच्या शाळेचे प्रिन्सिपल. लायब्ररीचं दार वाळवीने खाल्लं होतं आणि आता ती बोर्डाची सर्टिफिकेट्स ठेवलेल्या कपाटाकडे निघाली होती. ट्रीटमेंट साधी असते, भिंतीच्या पायाशी भोकं पाडून औषध सोडायचं. पण ब्लॉक ऑफिसच्या त्रिपाठीबाबूंनी फाइलवर शेरा मारला होता, 'अथॉरिटी से एनओसी ली जाए.'

एनओसी म्हणजे हरकत नसल्याचं पत्र. आणि अथॉरिटी म्हणजे मी. महिन्याभरापूर्वी एका शेतकरी मेळाव्यात सूत्रसंचालकाने माझी ओळख 'अथॉरिटी ऑन टर्माइट्स' अशी करून दिली होती, आणि त्रिपाठीबाबू पहिल्या रांगेत बसले होते.

मी मिश्राजींना समजावलं की इंग्रजीत अथॉरिटी दोन प्रकारची असते. एकीला विषयातलं कळतं, दुसरीला अडवता येतं. मी पहिली. त्यांना पटलं, पण म्हणाले, हे लिहून द्या.

मी लिहून दिलं की मी अथॉरिटी नाही. चार दिवसांनी पत्र परत आलं. हे सक्षम अधिकाऱ्याच्या सहीने पाठवावं, असा शेरा होता. तोवर वाळवी कपाटाच्या खालच्या फळीत शिरली होती.

मग मी डायरेक्टर सक्सेनासाहेबांकडे गेले. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"आप अथॉरिटी नहीं हैं, ये मैं लिख दूँ? और प्रमोशन के फॉर्म में क्या लिखूँ? मैंने तो 'लीडिंग अथॉरिटी' लिख रखा है."

मी पत्र परत उचललं. प्रमोशन मला हवं होतं.

खोलीत परत आले आणि संस्थेच्या लेटरहेडवर एक ओळ लिहिली, 'सदर वाळवी मारण्यास आमची हरकत नाही.' मिश्राजी म्हणाले, शिक्का लागेल. माझ्या लॅबमध्ये एकच शिक्का होता, बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवर मारायचा, 'नमुना प्राप्त'. तो मारला. गोल होता, त्यामुळे त्रिपाठीबाबूंनी तो वाचला नाही. आठवड्यात औषध सोडलं गेलं. सर्टिफिकेट्स वाचली, कपाटाची खालची फळी गेली.

ही बातमी पसरली. पुढच्या महिन्यात सरोजिनी नगरच्या एका मंगल कार्यालयाचे मालक मुंग्या मारायची परवानगी मागायला आले. या वेळी मी समजावत बसले नाही. मान वर न करता सांगितलं, "चींटी हमारे अधिकार क्षेत्र में नहीं आती."

ते लगेच उठले, माफी मागितली आणि मुंग्यांची अथॉरिटी कुठे बसते ते शोधायला गेले.

आपल्याला अधिकार नाही, हे लोकांना पटवायचं असेल तर ते अधिकाऱ्याच्या आवाजात सांगावं लागतं.