लासुर्ण्याच्या मैदानावर न ऐकलेला खो

लासुर्ण्याच्या मैदानावर मी एका मुलीला चुकीचा फाउल दिला. ती तेव्हा काही बोलली नाही, म्हणून आता मला बोलायला हवं... त्यासाठी हे लिहिते आहे.

नोकरीत असताना मी शाळेत खेळ शिकवायची. निवृत्तीनंतर आसपासच्या शाळांच्या खो-खोला पंच म्हणून उभी राहते. माझा निर्णय बदलत नाही, हे सणसरपासून इंदापूरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या दिवशी नववीतली आरती पाठलागावर होती. तिनं बसलेल्या मुलीच्या पाठीला हात लावला, ती मुलगी उठली... आणि मला 'खो' ऐकू आला नाही. तोंडानं खो न देता मुलगी उठवली म्हणजे फाउल. मी शिट्टी वाजवली.

फाउलमुळे आरतीच्या संघाला उलट दिशेला फिरावं लागलं. हाताशी आलेली पळणारी सुटली, आणि सामना एका गुणानं गेला.

संध्याकाळी तिथल्या खेळाच्या शिक्षिकेनं, रेखानं, मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. रेखा माझीच विद्यार्थिनी. खाली तिनं एक अक्षरही लिहिलं नव्हतं. तिला आरतीची चूक दाखवायची म्हणूनच मी तो लावला आणि नीट ऐकायला फोन कानाशी धरला... मैदानाच्या डावीकडच्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत चालला होता, आणि त्या गाण्यांवरूनही माझ्या उजवीकडून आरतीचा खो स्वच्छ येत होता.

मी फोन डाव्या कानावरून काढून उजव्या कानाला लावला. काहीच नाही. ना ट्रॅक्टर, ना खो.

उजव्या हातात कायम पेन, त्यामुळे फोन कायम डाव्या कानाला. इतके दिवस कळलंच नव्हतं.

बारामतीच्या कानाच्या डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, "आठ-पंधरा दिवस झाले असतील." आमचे हे शेजारी बसले होते. ते हळूच म्हणाले, "दिवाळीपासून. गाडीत मी काही बोललं तर ही उत्तरच देत नाही. मला वाटलं, रागावली आहे."

"मग विचारायचं नाही का?"

"विचारलं असतं तर खरंच रागावली असतीस."

डॉक्टर हसले. मी नाही हसले.

दिवाळीत सर्दी झाली होती, कान बंद वाटत होता. मी लसणाचं तेल घातलं आणि कामाला लागले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं... असा कान अचानक गेला तर पहिल्या काही दिवसांत औषधाचा उपयोग होण्याची शक्यता असते. मी महिने घालवले होते. तुमच्यापैकी कुणाचा एक कान अचानक बंद झाला तर तेल घालू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मग तपासण्या झाल्या. काचेच्या बंद खोलीत शीळ ऐकू आली की बटण दाबायचं. उजव्या कानाच्या वेळी मी बहुतेक वेळ नुसतीच बसून होते. एमआरआय झाला. सुदैवानं गाठबीठ काही निघाली नाही.

श्रवणयंत्राच्या तज्ज्ञ मुलीनं न कंटाळता सगळं सांगितलं. नेहमीचं यंत्र उपयोगाचं नाही, कारण ह्या कानात आवाज मोठा केला तरी शब्द कळत नाहीत. दुसरा मार्ग जोडीचा... बहिऱ्या कानावरचा माइक तिकडचा आवाज चांगल्या कानाकडे पाठवतो. कानामागच्या हाडातून आवाज पलीकडे नेणारं एक यंत्र असतं, ते डोक्याला बांधायच्या पट्ट्यावर लावूनही बघता येतं. आणि पुण्याला जाऊन आतल्या कानात इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन आणि नंतर बरेच महिने सराव.

जोडीचं यंत्र आठ दिवस वापरून बघायला मिळालं. परतताना गाडीत हे म्हणाले, "उसाला तुरे आलेत." इतकंच. पण मी "हो, दिसले," म्हटलं, तेव्हा त्यांनी गाडीचा वेग जरा कमी केला...

मला वाटलं, झालं, प्रश्न सुटला. दुसऱ्याच दिवशी लासुर्ण्याला गेले. मैदानाच्या मधोमध डोळे मिटून उभी राहिले आणि मुलींना सांगितलं, दोन्ही बाजूंनी एकेकीनं खो द्या, मी बोट दाखवते.

प्रत्येक खो ऐकू आला. पण प्रत्येक खो डावीकडूनच आला. यंत्र आवाज आणून देतं, तो कुठून आला ते सांगत नाही. डोळे उघडले तर निम्म्या वेळा माझं बोट रिकाम्या मैदानाकडे.

शेवटी आरती म्हणाली, "बाई, त्या दिवशी मी खो दिला व्हता. लई मोठ्यानं."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तुमाला कोन बोलनार, बाई?"

नवरा बोलला नाही, रेखा बोलली नाही, ही पोर बोलली नाही. कडक असण्याचा मला अभिमान होता... त्या कडकपणाला भिऊन कुणी बोललं नाही, म्हणून माझा एक कान गेल्याचं मला कळलंच नाही. हा दोष माझा, यंत्राचा नाही.

जोडीचं यंत्र मी ठेवून घेतलं. गाडीत, बैठकीत, बाजारात ते कामाचं आहे. इम्प्लांटसाठी पुण्याची वेळ घेतली आहे, निर्णय अजून केलेला नाही. पंच म्हणून मात्र उभी राहणार नाही. दिशा कळत नसताना शिट्टी वाजवणं म्हणजे पोरींच्या मेहनतीशी खेळ.

काल लासुर्ण्याच्या शाळेत दिलं ते असं... शिट्टी आणि नियमांचं पुस्तक, रेखाकडे. एक पत्र, आरतीच्या हातात. पत्रात दोनच वाक्यं आणि खाली माझी सही: तू खो दिला होतास. फाउल माझा होता.

तिनं ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि घडी घालून दप्तरात ठेवलं. मग वळसा घालून माझ्या डाव्या बाजूला आली आणि म्हणाली, "मिळालं, बाई."