तळघरातली हवा

माझे भाऊजी कोळशाच्या वीजघरात बावीस वर्षं बॉयलर सांभाळत होते. भुवयांवर कायम राखेचा थर, म्हणून सोबती त्यांना राखुंडी म्हणत. त्यांचे वडीलही तिथलेच. शेवटची चार वर्षं खोकत काढली आणि गेले. पण त्या मरणाचं भाऊजींना भय वाटत नसे. म्हणायचे, राख दिसते तरी, रुमालावर उतरते.

मग ते वीजघर बंद झालं आणि जवळच्या अणुवीज केंद्रात त्यांना टर्बाइनवर जागा मिळाली. वाफ तीच, फक्त चूल वेगळी, असं त्यांनी घरी हसत सांगितलं खरं. पण पहिल्याच आठवड्यात जेवण निम्म्यावर आलं. किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला छातीवर लावून दिवसभर वावरायचे आणि कंगव्यात चार केस जास्त दिसले तरी ते मोजत बसायचे.

ताईने तर धसकाच घेतला. भाऊजींनी मागच्या दाराने यायचं, शेडमध्ये अंघोळ करायची, मगच घरात पाऊल टाकायचं. ताट वेगळं, टॉवेल वेगळा. नऊ वर्षांची लेक बाबांकडे धावली की ताई तिला दंडाला धरून मागे ओढायची. मी समजूत घालायला गेले, तर शांतपणे म्हणाली, "मामंजींच्या वेळीही सगळे हेच म्हणत होते, काही होत नाही."

तिसऱ्या महिन्यात एका सोमवारी सकाळी, कामावर शिरताना, फाटकात नव्यानेच बसवलेल्या, किरणोत्सर्ग तपासणाऱ्या चौकटीत भोंगा वाजला. बूट काढले, तरी वाजला. जाकीट काढलं, तेव्हा थोडा मंदावला. सुरक्षा विभागातल्या बाई हातयंत्र घेऊन आल्या, डोक्यापासून पाठीपर्यंत फिरवलं आणि विचारलं, काल कामावर होता का? भाऊजी म्हणाले, दोन दिवस सुट्टीच होती.

"मग हे इथलं नाही," बाई म्हणाल्या. "हे तुम्ही घरून आणलंय."

त्याच दुपारी बाईंनी घरातल्या प्रत्येक खोलीत हवेतला किरणोत्सर्ग मोजणारी एकेक छोटी डबी ठेवली. चार दिवसांनी आकडे कळणार होते. ते चार दिवस ताई भिंतींना हात लावायलाही बिचकायची.

आकडे आले. सगळ्यात जास्त तळघरात. तिथे लेकीची गादी होती.

जमिनीखालच्या खडकातून रेडॉन नावाचा किरणोत्सर्गी वायू झिरपतो, बाईंनी सांगितलं. ना रंग, ना वास. मोकळ्या हवेत विरतो, कोंडला की साठतो, आणि वर्षानुवर्षं फुप्फुसांत जातो. यांच्या घरात कोंडायला कारणही होतं. वीजघराची राख आत येऊ नये म्हणून ताईने खिडक्या कधी उघडल्याच नव्हत्या. आणि पोरीला राखेचा खोकला लागू नये म्हणून ती तीन वर्षांची असल्यापासून ताई तिला खाली झोपवत होती.

ताई मटकन पायरीवर बसली. "म्हणजे मीच," एवढंच बोलली. भाऊजी तिच्याशेजारी बसले. कितीतरी आठवड्यांनी ती दोघं इतकी जवळ बसली होती.

पुढे फरशीच्या भेगा बुजवल्या, तळघरातून छपरापर्यंत पंख्याची नळी चढवली. लेक वरच्या खोलीत आली. महिन्याभरात आकडा खूप खाली उतरला. भाऊजी पुढच्या दाराने घरात येऊ लागले.

राहिली होती सहा वर्षांची हवा, जी पोरीच्या आत जाऊन आली होती. ताई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढला असेल; किती, ते कुणीच सांगू शकत नाही. काही होणारही नाही कदाचित. आत्ता करण्यासारखी तपासणी नाही.

"मग मी काय करू?" ताईने विचारलं.

"खिडक्या उघड्या ठेवा," डॉक्टर म्हणाले.

ताई ठेवते. पण पोर साधी शिंकली तरी ती हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहते, आणि दुसरी शिंक येतेय का याची वाट बघते.