राजीनाम्याचा जुना अर्थ

सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका रंगाईच्या मिलमध्ये मी कलर मास्टर आहे. पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, बोटभर चिंधी आणून दाखवायची आणि मी तस्साच रंग गाडीभर कापडावर उतरवून द्यायचा, हे माझं पोटाचं काम. कायद्याच्या इतिहासावरची जुनी पुस्तकं गोळा करणं हे पोट बिघडवायचं काम. पहिलं मी पगारासाठी करतो, दुसरं जिवासाठी.

मी वकील नाही. धुळ्याकडून सुरतेत आलो तेव्हा कोर्ट बाहेरूनसुद्धा पाहिलं नव्हतं. पण जुन्या शहरात एक पस्तीवाला आहे. आपण रद्दी म्हणतो, इथे पस्ती म्हणतात. एखादे म्हातारे वकील वारले, नातवाला दिवाणखान्यात मोठा टीव्ही लावायचा असला, की आजोबांचं कपाट थेट त्याच्या काट्यावर येतं. तिथे एकदा वर्तमानपत्रं घालायला गेलो आणि चामड्याच्या बांधणीचा एक ग्रंथ सहज उघडला. एका संस्थानाचे जुने नियम होते. त्यात लिहिलेलं, की दाव्यात अडकलेला हत्ती निकाल लागेपर्यंत न्यायाधीशाने आपल्या खर्चाने पोसावा. त्या संस्थानात दावे फार झटपट निकाली निघत, असंही खाली बारीक अक्षरात होतं. मी तिथेच बसलो. संध्याकाळी पस्तीवाल्याने मलाच चुकून काट्यावर घेतलं.

तेव्हापासून बमरोलीतल्या आमच्या दोन खोल्यांपैकी एकीत पुस्तकं राहतात आणि दुसरीत त्यांचे भाडेकरू, म्हणजे मी आणि बायको. पुस्तकंही कशी, तर वजनदार. वारसाहक्काच्या इतिहासाचे खंड आणून ठेवले त्या दिवशी खालच्या बिऱ्हाडाचा पंखा वीतभर खाली आला. खालचे गृहस्थ उंच होते, त्यांनी घर बदललं. करारांच्या इतिहासाला एकदा वाळवी लागली. पहिले काही अध्याय खाऊन ती भिंतीत शिरली, आणि तेव्हापासून मी खडूने आखून दिलेली रेघ तिने ओलांडलेली नाही. वाचनाचा परिणाम होतो तो असा. आणि ही सगळी खरेदी मी मे महिन्यातच करतो, कारण पावसाळ्यात पुस्तकं ओल धरतात आणि काट्यावर कायदा जड होतो.

मिलमध्ये या छंदाचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. पण छंद माणसाच्या भाषेत शिरतो. हळूहळू मी चहा ‘दाखल’ करून घ्यायला लागलो आणि डबा ‘निकाली’ काढायला लागलो. इथवर ठीक होतं. मग राणी कलरचं प्रकरण झालं.

आमच्याकडे रंगवलेलं कापड पुढे स्टेंटरवर जातं. हे कापड ताणून, तापवून सरळ करणारं लांबलचक मशीन. त्याचा मॅनेजर काठियावाडचा, माझ्याच वयाचा, आणि माझ्याइतकाच कधीही न चुकणारा. मी साड्यांचा एक लॉट असा राणी रंगवला होता, की बघून खऱ्या राण्यांनी पदर सावरले असते. स्टेंटरमधून तो बाहेर पडला तेव्हा सोललेल्या कांद्याच्या रंगाचा होता. मी म्हटलं, यांनी उष्णता वाढवली, रंग उडाला. तो म्हणाला, उडायला आधी रंग असावा लागतो.

त्या वाक्यानंतर आम्ही बोलणं टाकलं. काम तर एकाच छपराखाली, म्हणून आम्ही मशीनला सांगायला लागलो.

“ए स्टेंटर,” मी म्हणायचो, “तुझ्या साहेबांना सांग, लॉट तयार आहे, जाळू नका.”

“स्टेंटर,” तो मशीनवर हात ठेवून म्हणायचा, “मास्टरने कही दे, त्यांच्या चश्म्याचा नंबर वाढलाय.”

मशीन गरीब. ऐकून घ्यायचं. पण एक दिवस मोठी पार्टी शेठच्या केबिनमध्ये बसली असताना आमचा हा त्रिपक्षीय संवाद काचेतून आत गेला. पार्टी निघून गेल्यावर शेठने दोघांना बोलावलं. शेठ फार बोलत नाहीत. ते म्हणाले, “सोमवार सुधी पतावी नाखो. लखीने आपो. नहीं तो बेमांथी एक जशे.” म्हणजे सोमवारपर्यंत मिटवा, लिहून द्या, नाहीतर दोघांतला एक जाईल.

लिहून द्या, हे शब्द ऐकले आणि माझ्या अंगात सगळे मेलेले वकील संचारले.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागेल. आज राजीनामा म्हटलं की नोकरी सोडल्याचा कागद. पण माझ्या पुस्तकांच्या काळात तसं नव्हतं. वादी आणि प्रतिवादी दोघे राजी झाले, भांडण मिटलं, आता एकमेकांविरुद्ध काही मागणं नाही, असं जे कोर्टाला लिहून द्यायचे, तो राजीनामा. राजी झाल्याचा नामा. किती सुंदर शब्द. आणि त्याची आजची दशा बघून माझा जीव तुटायचा. म्हटलं, सुरतेत कुणीतरी याला त्याचं जुनं घर परत मिळवून द्यायला हवं.

रविवारभर बसून मी शुद्ध गुजरातीत मसुदा केला. वर ठळक अक्षरात ‘राजीनामुं’. खाली: मी पूर्ण राजीखुशीने, कुणाच्या दबावाखाली न येता, हा लिहून देतो. माझी कुणाविरुद्ध तक्रार राहिलेली नाही. यापुढे माझं काही मागणं नाही. खाली माझी सही आणि शेजारी स्टेंटरच्या मॅनेजरसाठी रिकामी जागा. सोमवारी सकाळी शेठच्या टेबलावर ठेवला. शेठ फोनवर होते. त्यांनी मथळा वाचला, फोनवर हात ठेवला आणि म्हणाले, “विचारीने लख्युं छे?”

“शेठ,” मी म्हटलं, “आयुष्यात इतका विचार करून काही लिहिलं नव्हतं.”

शेठने मान हलवली. मला वाटलं, भाषेवर खूश झाले.

संध्याकाळी पाळी सुटताना मला कॅन्टीनमध्ये बोलावलं. बघतो तर अख्खी मिल. टेबलावर पेढे, हार, शाल, नारळ. मी मनात म्हटलं, वा, एक तंटा मिटला तर एवढा सोहळा, याला म्हणतात न्यायाची कदर. शेठने शाल पांघरली, हातात नारळ दिला. चार शब्द बोला म्हणाले. मी चारांवर थांबणारा माणूस नव्हे.

“मित्रांनो,” मी म्हटलं, “आज माझ्या मनावरचं फार मोठं ओझं उतरलं. हे मी खूप आधी करायला हवं होतं.”

रंगाई खात्यातले दोन ऑपरेटर डोळे पुसत होते. मला ते रंगाच्या वाफेने वाटलं.

“स्टेंटरच्या साहेबांनाही मी विनंती करतो,” मी म्हटलं, “की त्यांनीही आज ना उद्या माझ्यासारखाच राजीनामा द्यावा.”

त्यावर स्टेंटरचा मॅनेजर पेढा हातात धरून तसाच उभा राहिला. टाळ्या जरा उशिरा पडल्या. शेवटी शेठने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि जड आवाजात म्हणाले, “मास्टर, आवजो.”

गेटवर वॉचमनने माझं ओळखपत्र मागितलं.

“कशाला?”

“अब क्या काम इसका, मास्टरजी,” तो म्हणाला. “आप तो छूट गए.”

तेव्हा मला ते समजलं. गळ्यात हार, काखेत नारळ, अंगावर शाल, समोर पांडेसऱ्याचा रस्ता आणि माझी नोकरी माझ्याच सुंदर अक्षराने गेलेली. परत आत जायला वळलो, पण वॉचमनने ओळखपत्र मागितलं आणि ते त्याच्याच खिशात होतं.

घरी बायकोने आधी नारळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “कोना सत्कार व्हयना?”

मी सांगितलं. तपशिलासकट, शब्दाच्या व्युत्पत्तीसकट. ती अहिराणीतच गप्प बसली, आणि अहिराणीतलं गप्प बसणं मराठीतल्यापेक्षा फार जड असतं.

“नोकरी गयी,” ती शेवटी म्हणाली. “आते त्या पोथ्याबी जातीन. पयले त्या जातीन, मंग मी सयपाक करसू.”

“अगं, पण अर्थ...”

“अर्थ बरोबरच शे. सगळं लिखेल शे त्यामा. कोनाविरुद्ध तक्रार नही, काही मागनं नही. मंग जेवनबी मागू नका.”

तिने पस्तीवाल्याला फोन लावला. तो आला, खोलीच्या दारातून एकदा आत बघितलं आणि दोन पावलं मागे सरला. त्याच्याच दुकानातून वर्षानुवर्षं गेलेला माल त्याच्याकडे बघत होता.

“भाभी,” तो हात जोडून म्हणाला, “काँटे से उतरा हुआ माल वापस नहीं चढ़ता। बड़ी मुश्किल से निकाला था।”

“तुमनाच माल शे,” बायको म्हणाली.

“इसीलिए तो,” तो म्हणाला. ती फारच अडून बसली तेव्हा त्याने उद्या संध्याकाळी टेम्पो आणतो असं कबूल केलं, पण चेहरा असा, की टेम्पोसुद्धा येईल की नाही शंका. म्हणजे माझ्याकडे उद्याचा दिवस होता. नोकरी परत मिळाली तर पुस्तकं राहणार, नाही तर कायद्याचा सगळा इतिहास भेळेच्या पुड्या होऊन चौपाटीवर जाणार.

उपाशीपोटी डोकं चालतं. मी ‘आवजो’ या शब्दावर विचार करत पडलो.

सकाळी ठरल्या वेळी शाल पांघरून, नारळ घेऊन गेटवर हजर. वॉचमनने अडवलं. मी म्हटलं, “शेठने बोलावलंय. काल सगळ्यांसमोर. तूही ऐकलंस.” त्याने खूप आठवून बघितलं, आणि तो शब्द खरंच बोलला गेला होता, म्हणून सोडलं.

शेठ चहा पीत होते. “अरे, शुं भूली गया?”

“काही विसरलो नाही, शेठ. तुम्ही आवजो म्हणालात. आवजो म्हणजे या. मी आलो.”

शेठने कप खाली ठेवला. “ए तो जतां जतां बोलाय. जाणाऱ्याला म्हणतात.”

“जाणाऱ्याला ‘या’ म्हणतात, हे मान्य आहे ना? मग शब्दाचा सरळ अर्थ घ्यायचा की चालीरीतीचा, ते आधी ठरवा. सरळ अर्थ घेतला तर मला बोलावलेलं आहे. चालीरीतीचा घेतला, तर माझ्या राजीनाम्यालाही त्याच्या काळाच्या चालीरीतीचा अर्थ द्या. तो तडजोडीचा कागद होता. बघा, दुसऱ्या सहीची जागा रिकामी आहे. नोकरी सोडायला कुणी दोन सह्या करतं का?”

शेठने ड्रॉवरमधून कागद काढला. पहिल्यांदाच मथळ्याच्या खाली वाचला. रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

“पण नारळ दिलाय,” ते म्हणाले. “दिलेला नारळ परत घेत नाहीत. अपशुकन.”

इथे मी अडकलो. नारळावर माझ्याकडे पुस्तक नव्हतं.

तेवढ्यात दार ढकलून स्टेंटरचा मॅनेजर आत आला. रात्रभर झोपला नसावा. आणि तो मशीनशी नाही, थेट माझ्याशी बोलला.

“मास्टर, तमे जशो तो हुं कोनी उपर नाखीश?”

म्हणजे, तुम्ही गेलात तर मी कुणावर ढकलू? काल रात्री एक लॉट हिरव्याचा शेवाळी झाला होता. सकाळी पार्टीचा फोन आला, तो सवयीने म्हणाला, मास्टरची चूक आहे. पार्टी म्हणाली, मास्टर तर काल गेले, आमचा माणूस पेढा खाऊन आला. वर माझ्या भाषणामुळे अख्खी मिल त्याला विचारत होती, तुमचा राजीनामा कधी? “तुम्ही असताना,” तो म्हणाला, “मी फार चांगला मॅनेजर होतो.”

माझ्याबद्दल इतकं खरं कुणी कधी बोललं नव्हतं. मला तर गहिवरून आलं, कारण माझंही तसंच होतं.

शेठ उठले. माझ्या काखेतला नारळ न घेता त्यांनी मला तो टेबलाच्या कडेवर फोडायला लावला. परत घेतला नाही, नुसता खाल्ला, तर अपशुकन कसला? तिघांनी खोबरं खाल्लं. मग त्यांनी कोरा कागद पुढे केला आणि बजावलं, वर तो शब्द लिहायचा नाही. “समाधान लखो.” गुजरातीत समाधान म्हणजे तडजोड. मी लिहिलं. रंग फिका झाला तर चूक स्टेंटरची, गडद झाला तर माझी, आणि कांद्यासारखा झाला तर पार्टीच्या डोळ्यांची. दोघांनी सह्या केल्या. माझ्या ओळखपत्रासाठी वॉचमनचा खिसा तपासावा लागला.

संध्याकाळी घरी पोचलो तर दारात टेम्पो नव्हता. पस्तीवाल्याने फोन बंद केला होता. बायकोने कागद घेतला आणि मथळा आपल्या मराठीत वाचला. “समाधान? कसानं समाधान? कोनं व्हयनं?”

“सगळ्यांचं,” मी म्हटलं.

“मनं नही,” ती म्हणाली, आणि पिठाचा डबा काढला.

शाल मात्र शेठने मागितली नाही. ती आता वारसाहक्काच्या खंडांवर पांघरलेली आहे. धूळ बसू नये म्हणून.